वीज जाताच शांत होणारी रेषा

प्रश्न : मी आर्वी तालुक्यातल्या (जि. वर्धा) एका खेड्यात राहतो. आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा कोर्स केला असून, कपाशी-तुरीच्या शेतीतून उरलेल्या वेळात मेंदूच्या लहरी टिपणारे यंत्र बनवतो आहे. एडी ६२० ही क्षीण संकेत मोठा करणारी आयसी, ९ व्होल्टची बॅटरी, आर्डुइनो उनो हा संकेत मोजून लॅपटॉपकडे पाठवणारा छोटा बोर्ड आणि ईसीजीचे चिकट पॅड एवढे साहित्य आहे. दोन पॅड कपाळावर आणि एक कानामागे लावला, की लॅपटॉपवर एकसारखी लहर दिसते. परंतु गावातली वीज गेली, की ती बारीक होऊन जवळजवळ सरळ रेषा उरते. लॅपटॉपला चार्जर लावलेलाच असतो. सर्किट बॅटरीवर असताना असे का होते? बहिणीचे अभ्यासात लक्ष आहे की नाही, हे या यंत्रावरून कळेल का?

उत्तर : आधी चार्जर काढा आणि पॅड अंगावर असताना तो पुन्हा कधीही लावू नका. आर्डुइनोची यूएसबी वायर लॅपटॉपला जोडलेली असल्यामुळे चार्जरमधला एखादा दोष थेट आपल्या डोक्यापर्यंत पोहोचू शकतो, आणि खेड्यातल्या पुष्कळ घरांत अर्थिंग नावापुरतेच असते. घरच्या इन्व्हर्टरवर लावलेला चार्जरही चालणार नाही. केवळ लॅपटॉपच्या स्वतःच्या बॅटरीवर काम करावे.

आपल्या सर्किटमध्ये मला बिघाड दिसत नाही. वीज जाताच जी लहर जाते, ती विजेचीच असते. भिंतीतल्या वायरिंगमधून आणि चार्जरमधून येणारी ५० हर्ट्झची (सेकंदाला ५० आवर्तनांची) गुणगुण आपल्या लांब तारा अँटेनासारखी पकडत आहेत. खात्री करायची असेल, तर तेच तीन पॅड स्वयंपाकघरातल्या एखाद्या कोहळ्यावर चिकटवून पाहा. कोहळ्यावरही तशीच लहर उमटली, तर ती मेंदूतून आलेली नाही, हे वेगळे सांगायला नको.

येथे एक बारीक खोच आहे, आणि मी स्वतः तिला फसलो असल्यामुळे ती आग्रहाने सांगतो. आपण सेकंदाला किती नोंदी घेता, हे पत्रात लिहिलेले नाही. समजा ६० घेत असाल, तर ५० हर्ट्झची वीज पडद्यावर १० हर्ट्झची होऊन दिसते, म्हणजे डोळे मिटून स्वस्थ बसल्यावर मेंदूत उमटणाऱ्या ८ ते १३ हर्ट्झच्या अल्फा लहरीचे हुबेहूब सोंग घेते. म्हणून सेकंदाला किमान २५० नोंदी घ्याव्यात, तारा आखूड ठेवून एकमेकींना पीळ घालावा आणि ५० हर्ट्झचा फिल्टर त्यानंतरच लावावा. शक्य असल्यास पहिले प्रयोग गावात वीज नसतानाच करावेत. भारनियमनाचा असा उपयोग शहरातल्या हौशी मंडळींना मिळत नाही.

आता खरी लहर किती लहान असते, तेही पाहू. डोक्याच्या कातडीवर अल्फा लहर साधारण ५० मायक्रोव्होल्टची, तर ५ व्होल्टवर चालणाऱ्या उनोला ओळखता येणारी सर्वांत लहान पायरी सुमारे ४.९ मिलिव्होल्टची, म्हणजे जवळजवळ शंभरपट मोठी असते. एकूण वर्धन (संकेत किती पट मोठा करायचा ते) दहा हजारांच्या आसपास नेले, तरच लहर अर्ध्या व्होल्टची होऊन शंभरेक पायऱ्यांत उमटेल. हे सारे वर्धन एडी ६२० वर टाकू नये, कारण पॅड आणि कातडी यांच्यामधला स्थिर विद्युतदाब तिला तिथेच अडकवतो. पहिला टप्पा दहा पटींचा (५.६ किलोओहमचा रोध पुरतो), मग मंद बदल अडवणारा कपॅसिटर आणि त्यापुढे उरलेले वर्धन, असा क्रम ठेवावा.

पॅडची जागाही बदलायला हवी. कपाळावर पापण्यांची उघडझाप आणि भुवयांचे स्नायू यांचीच नोंद जास्त होते, तर अल्फा डोक्याच्या मागच्या बाजूला ठळक असते. मानेच्या वर हाताला लागणाऱ्या हाडाच्या उंचवट्यापासून साडेतीन सेंटिमीटर वर आणि मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन सेंटिमीटरवर केसांचा भांग पाडून, वाटीसारखे चांदीचे इलेक्ट्रोड खास पेस्टने बसवावेत. चिकट पॅड केसांवर टिकत नाहीत.

एवढे झाल्यावर बहिणीला मदतीला घ्या. तिने पडदा न पाहता दर वीस सेकंदांनी ‘मीट’, ‘उघड’ असे सांगावे आणि वेळ वहीत टिपावी. डोळे मिटल्यावर सुमारे १० हर्ट्झची लहर फुगत असेल आणि उघडताच ओसरत असेल, दहापैकी नऊ-दहा वेळा असेच घडत असेल, तर आपण मेंदूची लहर पाहिली असे निःशंकपणे म्हणा. काही निरोगी माणसांत अल्फा मुळातच क्षीण असते, म्हणून आपल्यावर जमले नाही, तर एखाद्या मित्रावर करून पाहा. जर्मनीतल्या येना येथे मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूची पहिली नोंद घेतली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली; मधली पाच वर्षे ही लहर खरोखर मेंदूचीच आहे ना, या शंकेचा त्यांनी पाठपुरावा केला. पुढे १९३४ मध्ये एड्रियन आणि मॅथ्यूज या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी केंब्रिजमध्ये तिची पडताळणी केली, तेव्हा जग मान्य करू लागले.

बहिणीच्या अभ्यासाबद्दल : नाही, कळणार नाही. ती जबडा आवळून बसली, तरी आलेख बदलेल.

प्रश्न : माझ्या भाच्याला मिरगी येते. हौशी यंत्राने घरीच तपासणी करता येईल का? (एक शिक्षिका, अर्जुनी मोरगाव तालुका, जि. गोंदिया)

उत्तर : कृपया करू नये. रुग्णालयात डोक्यावर ठरलेल्या जागी वीसेक इलेक्ट्रोड लावतात आणि आलेख तज्ज्ञ वाचतो. तरीही झटका नसताना काढलेला आलेख सामान्य आला, म्हणून मिरगी नाही असे ठरत नाही. त्याला मेंदूविकारतज्ज्ञाकडे न्यावे आणि गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. झटका आल्यास कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, तोंडात चमचा घालू नये. कुशीवर वळवून घड्याळ पाहावे, आणि पाच मिनिटांत झटका थांबला नाही, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शक्य झाल्यास झटक्याचे मोबाइलवर चित्रण करून ठेवावे; डॉक्टरांना घरच्या आलेखापेक्षा त्याचा कितीतरी अधिक उपयोग होतो.