युनियन जॅकचा टी-शर्ट आणि सोलापूरचे आजोबा

प्रश्न : आम्ही लेस्टरला राहतो. जुलैत सोलापूरला सासरी जाणार आहोत. चौदा वर्षांच्या लेकाने स्वतःसाठी आणि चुलत भावंडांसाठी छातीभर युनियन जॅक असलेले टी-शर्ट घेतलेत. व्हिडिओ कॉलवर ते पाहून सासरे म्हणाले, "हे घालून माझ्या घरात यायचं नाही." लेक म्हणतो, भारतातल्या दुकानांतही हे मिळतात. कोणाची बाजू घेऊ?

उत्तर : ताई, लेकाचं म्हणणं खोटं नाही. भारतात हे टी-शर्ट, पिशव्या सर्रास विकल्या जातात आणि ते घालायला कायद्याची आडकाठी नाही. ब्रिटनमध्ये १९६०च्या दशकातल्या तरुणांनीच या झेंड्याचे कोट करून घातले. तुमच्या मुलासाठी तो त्याच्या शाळेचा, ऑलिंपिकमधल्या त्याच्या संघाचा झेंडा आहे. त्यात त्याचा काही दोष नाही.

पण तो चाललाय सोलापूरला. १९३० साली याच गावात नगरपालिकेवर राष्ट्रध्वज फडकला आणि मे महिन्यात इंग्रजांनी मार्शल लॉ पुकारला. नुसती गांधी टोपी घातली म्हणून लोकांना शिक्षा झाल्या. डोक्यावर काय घालायचं, हेसुद्धा युनियन जॅकखालचे अधिकारी ठरवत होते! १२ जानेवारी १९३१ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना येरवड्यात फाशी दिलं. आजोबांनी हे सगळं वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलं असणार. त्यांच्या रागाला 'जुन्या वळणाचे आहेत' म्हणून बाजूला सारू नका.

लेकाला तुम्ही समजावत बसू नका, त्यालाच आजोबांना फोन करू द्या. "तुम्हाला वाईट का वाटलं?" एवढंच त्याने विचारावं. सोलापुरात पोचलात की आजोबांबरोबर त्याला चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी पाठवा, तुम्ही मागे थांबा. टी-शर्ट मात्र या खेपेला लेस्टरलाच राहू दे, हे माझं स्पष्ट मत. भावंडांना आवडत्या फुटबॉल क्लबचे द्या, ती जास्त खूश होतील.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगते. परतताना हौसेने तिरंगा छापलेले उशांचे अभ्रे किंवा रुमाल घेऊ नका. १९७१च्या राष्ट्रीय सन्मान कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली. कमरेखालच्या पेहरावात ध्वज वापरायला आणि उशा, रुमाल, अंतर्वस्त्रं किंवा कपडे शिवायच्या कापडावर तो छापायला किंवा भरतकामात काढायला त्यात मनाई आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. परदेशात कोणी विचारणार नाही, पण मुलाला सांगताना आपण एकाच मापाने मोजायला हवं. पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमाला छातीवर तिरंग्याचा छोटा बिल्ला लावा, तो छान दिसतो.