फ्लॅटमध्ये कासव पाळावं की साप, आणि कोणत्या जातीचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नववीतल्या मुलाला कासव किंवा बिनविषारी साप हवाय, दुकानदार लाल गालाचं छोटं कासव सुचवतोय, ओळखीतलं कुणी ‘मांडूळ आणून देतो’ म्हणतंय, फ्लॅटमध्ये काय चालेल?

मांडुळाला आधी ठाम नाही म्हणा. मांडूळ, धामण, अजगर, चांदणी कासव, विहिरी-तळ्यांत दिसणारं मऊ पाठीचं कासव हे सगळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. चांदणी कासव तर पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, ते बाळगलं तर तीन ते सात वर्षं कैद आहे. ‘रस्त्यात सापडलं’, ‘वास्तूसाठी ठेवलंय’ ही कारणं चालत नाहीत.

दुकानदाराचं कासव म्हणजे रेड इअर्ड स्लायडर, मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातलं. ‘एवढंच राहतं’ असं दुकानदार सांगतात, ते साफ खोटं आहे. आज बिस्किटाएवढं दिसतंय. मादी निघाली तर पाठ २५ ते ३० सेंटीमीटर होते, नर थोडा लहान राहतो, आणि पिल्लू असताना नर-मादी ओळखता येत नाही. आयुष्य वीस-तीस वर्षं सहज. मुलगा शिकायला बाहेरगावी गेला की ते तुमच्याकडेच राहणार.

टाकीचा हिशेब पाठीच्या दर इंचाला ४० लिटर पाणी असा धरतात. दहा इंची मादीला ४०० लिटर, म्हणजे नुसत्या पाण्याचं वजन ४०० किलो. टाकीच्या दुप्पट-तिप्पट पाण्यासाठी बनवलेला कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) घ्या, कारण कासव माशापेक्षा कितीतरी जास्त घाण करतं. तरीही दर आठवड्याला पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदलावं लागतं. पाणी २४ ते २७ अंश, आणि अंग पूर्ण कोरडं होईल असा चढायचा ओटा, तिथे ३२ ते ३५ अंश.

सगळ्यात जास्त चुका यूव्हीबी दिव्यात, म्हणजे उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणाऱ्या दिव्यात होतात. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन उपयोगाचं नाही, काच यूव्हीबी अडवते. टाकीवर काचेचं झाकण असेल तर दिव्याचंही तेच होतं. शिवाय दिवा पेटत असला तरी वर्षभरात त्यातली यूव्हीबी संपत येते, म्हणून तो बदलायचा. यूव्हीबी नाही तर ड जीवनसत्त्व नाही, ते नाही तर कॅल्शियम अंगी लागत नाही. अंगठ्याने पाठीची कड हलकेच दाबून पाहा. वाढत्या कासवाची कड रबरासारखी दबू लागली तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे न्या. डोळे सुजून मिटले असतील तर बहुधा अ जीवनसत्त्वाची कमतरता असते, आणि दिसत नाही म्हणून ते खाणंही सोडतं. नुसती सुकी कोळंबी खाऊ घातली की हे होतंच. कासवांच्या तयार खाद्याच्या चांगल्या गोळ्या, गाजर, लाल भोपळा, पाणवनस्पती द्या आणि कॅल्शियमसाठी पाण्यात समुद्रफेसाचा तुकडा टाकून ठेवा.

साल्मोनेलाचा, म्हणजे कासवाकडून माणसाला होणाऱ्या जुलाब-तापाच्या जिवाणूचा धोकाही खरा आहे. त्यामुळेच अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी आहे. टाकीचं सामान स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नका. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर हा नाद सोडाच.

माझं मत विचाराल तर कासवापेक्षा साप सांभाळायला सोपा, पण जात परदेशी आणि कागदपत्रं पूर्ण हवीत. नवख्यासाठी कॉर्न स्नेक, हा अमेरिकेतला बिनविषारी साप. चार-पाच फुटांपर्यंत वाढतो, स्वभावाने शांत, खातो नियमित. बॉल पायथन (आफ्रिकेतला छोटा अजगर) हाही शांत असतो, पण महिनोन्‌महिने उपाशी राहतो आणि नवखा माणूस घाबरून जातो. शिवाय तो सायटीस या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या यादीत असल्याने आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत येतो. २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी सक्तीची आहे. साप कोणताही असो, बिल आणि मूळ आयातीचे कागद मागा. विक्रेता टाळाटाळ करू लागला तर तिथून निघा.

पूर्ण वाढलेल्या कॉर्न स्नेकला चार फूट लांबीचा, कुलूप लागणारा पिंजरा हवा. एक टोक ३० अंशांच्या आसपास, दुसरं २४, दोन्हीकडे लपायला जागा. हीटिंग मॅट (पिंजऱ्याखालची उष्णता देणारी चटई) थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान आपोआप आवरणाऱ्या यंत्राशिवाय कधीच लावू नका; सापाला खालून भाजतंय हे वेळेवर कळत नाही, पोट भाजतं. विदर्भ-मराठवाड्यात मात्र प्रश्न उलटा: मे महिन्यात पिंजरा ३५ च्या वर जाऊ देऊ नका.

खाद्य म्हणजे मेलेले, गोठवलेले उंदीर, पूर्ण वितळवून कोमट केलेले. उंदीर सापाच्या सर्वात जाड भागाएवढाच असावा. पिल्लाला आठवड्यातून एकदा, मोठ्याला दहा-चौदा दिवसांनी. नंतर दोन दिवस हात लावू नका, नाहीतर उलटी करतो. जिवंत उंदीर सापालाच कुरतडतो, आणि घरात पकडलेल्या उंदराच्या पोटात विष असू शकतं. फ्रीजरमध्ये उंदीर ठेवायला घरचे तयार आहेत का, हे साप आणायच्या आधी विचारा. बहुतेक घरांत बेत इथेच मोडतो.

स्लायडर आधीच घेऊन झालं असेल तर तळ्यात, नदीत किंवा देवळाच्या कुंडात सोडू नका. ते आपल्या कासवांचं अन्न आणि उन्हाला बसायच्या जागा बळकावतं. सांभाळणं जमत नसेल तर वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करून जवळचं बचाव केंद्र विचारा.