बाटलीतले पांढरे धागे: आप्पांचं इन्शुलिन डिक्कीत का नासलं

रावेरच्या भाऊंचा प्रश्न थोडक्यात असा: आप्पा केळीच्या मळ्यातच मुक्कामाला असतात, म्हणून त्यांची चालू असलेली, अर्धी संपलेली इन्शुलिनची बाटली भर मे महिन्यात आठवडाभर स्कूटरच्या डिक्कीतून रोज नेली-आणली. आता आत पांढरट धागे तरंगताहेत. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवली तरी गेले नाहीत. टोचावं का, आणि हे झालं कसं?

आधी कामाचं. ती बाटली टाकून द्या, नवी आणा. आप्पांची साखर दोन-तीन दिवस जरा जास्त वेळा तपासा आणि डॉक्टरांच्या कानावर घाला. तुमचं इन्शुलिन पाण्यासारखं नितळ असायचं, असं तुम्ही लिहिलंय, म्हणून एवढ्या ठामपणे सांगतोय. काही प्रकार मुळातच दुधाळ असतात, त्यांचा गढूळपणा हा दोष नाही. मात्र त्यातही गुठळ्या किंवा काचेला चिकटलेले कण दिसले तर तेही बाद.

भाऊंच्या प्रश्नाखाली एकाने 'अंडं उकडावं तसं झालं' असं म्हटलंय. मला ते पटत नाही. अंड्याच्या पांढऱ्यातली प्रथिनं तापली की उलगडतात आणि जशी सापडतील तशी एकमेकांत गुंततात, चिंध्यांच्या बोचक्यासारखी. इन्शुलिनही प्रथिनच, पण त्याचे धागे फार शिस्तीचे असतात. हा रेणू छोटा, ५१ अमिनो आम्लांचा, २१ आणि ३० च्या दोन साखळ्यांचा. बाटलीत असे सहा रेणू जस्ताच्या आयनांभोवती टोळकं करून बसलेले असतात. पाण्याला नाखूश असलेले त्यांचे भाग टोळक्याच्या आत दडतात, आणि तोवर सगळं ठीक चालतं. अधूनमधून एखादा रेणू सुटतो, पुन्हा जोडला जातो. गरमीने हे सुटणं वाढतं आणि सुटलेला एकटा रेणू थोडा सैलही होतो. असे काही सैल रेणू नेमके जुळून बसले की एक 'बी' तयार होतं. मग त्याच्या टोकाला पुढचा, त्याच्या टोकाला आणखी पुढचा. धाग्यात साखळ्यांचे पट्टे शिडीच्या पायऱ्यांसारखे, जेमतेम ०.४७ नॅनोमीटर अंतराने, एकावर एक रचले जातात. ही रचना इतकी पक्की असते की पाण्यात मोकळं राहण्यापेक्षा रेणूला तीच सोयीची पडते. तुमच्या फ्रीजने काही फरक पडला नाही तो यामुळेच. थंडीने वाढ मंदावते, झालेली वीण उसवत नाही.

अवघड असतं ते पहिलं बी पडणं. पाकात साखरेचा एक कण पडला की कडेने खडे धरतात, तसंच. बी पडेपर्यंत द्रावण नितळ दिसतं, बरेच दिवससुद्धा, आणि मग एकदम गढुळतं. म्हणून 'काल तर चांगलं होतं' याला फारसा अर्थ नाही. १९४० च्या दशकात डेव्हिड वॉ या संशोधकाने आम्लधर्मी इन्शुलिन तापवून हे धागे केले, आणि तयार धाग्यांचे तुकडे टाकले की वाट न बघता वाढ सुरू होते हेही दाखवलं. माझ्या पीएचडीची दोन वर्षं याच उद्योगात गेली. ६० अंशांना ठेवलेल्या दोन नळ्यांपैकी हलवलेली काही तासांत गढूळ व्हायची, शेजारची स्थिर नळी नितळच. एकदा क्युव्हेट (द्रावण तपासायची छोटी पारदर्शक नळी) नीट धुतली नव्हती, तर पुढचा आठवडाभर प्रत्येक प्रयोगात धागे लवकर यायला लागले. गाईडकडून काय ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

आता तुमची डिक्की बघा. उन्हात उभी स्कूटर बाहेरच्या ४४-४५ अंशांपेक्षाही आतून तापते, हा एक भाग. दुसरा भाग लोक विसरतात: बाटली अर्धी रिकामी, म्हणजे आत हवा, आणि मळ्याचा रस्ता आपल्याला माहीत आहेच. हवा आणि द्रव जिथे भेटतात त्या पृष्ठभागावर इन्शुलिनचा रेणू चिकटतो, पाण्याला नाखूश भाग हवेकडे वळवतो आणि उलगडतो. प्रत्येक धक्क्याला नवा पृष्ठभाग, त्यावर नवे उलगडलेले रेणू. माझ्या मते तुमच्या बाटलीचा घात एकट्या उन्हाने केला नाही, खड्ड्यांचाही त्यात मोठा वाटा आहे.

म्हणून पुढची बाटली रोज फिरवू नका. एक मळ्यात, एक घरी. न उघडलेली फ्रीजच्या दारात किंवा मधल्या कप्प्यात, २ ते ८ अंशांत. बर्फाच्या कप्प्याजवळ कधीच नको, गोठलेलं इन्शुलिनही वाया जातं. सिरिंजमध्ये उरलेलं परत बाटलीत सोडू नका. मळ्यात फ्रीज नसेल तर मोठ्या माठात छोटा माठ, मधल्या जागेत ओली वाळू, वर ओलं फडकं, आणि बाटली आतल्या माठात कोरड्या डब्यात. सगळं सावलीत, वाळूवर दिवसातून दोनदा पाणी. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात हे झकास चालतं. जूनमध्ये हवा दमट झाली की बाष्पीभवन मंदावतं, मग माठावर फार भिस्त ठेवू नका.