अर्लांगमध्ये एसएसएच क्लायंट चॅनेलची प्रोसेस: कमांडचं आउटपुट अर्धवट का येतं?

तुम्ही विचारलंय की अर्लांग या प्रोग्रामिंग भाषेतून एसएसएच (दुसऱ्या कॉम्प्युटरशी सुरक्षित जोडणी) वापरून रिमोट कमांड चालते, एक्झिट स्टेटस ० (म्हणजे कमांड यशस्वी) मिळतो, पण आउटपुटचा शेवटचा तुकडा कधीकधी गायब असतो. माझा पहिला संशय: एक्झिट_स्टेटस हा मेसेज आला की तुम्ही लगेच स्टॉप परत करताय, म्हणजे चॅनेलची प्रोसेस तिथेच थांबवताय. मीही हेच केलं होतं.

एक्झिट स्टेटस म्हणजे कमांड संपली, डेटा संपला असं नव्हे. उरलेला डेटा आणि ईओएफ (डेटा संपल्याची खूण) त्यानंतरही येऊ शकतात. म्हणून हँडल_एसएसएच_एमएसजी मध्ये (एसएसएचचे मेसेज घेणारं तुमचं फंक्शन) स्टेटस फक्त स्टेटमध्ये, म्हणजे प्रोसेसने जपलेल्या माहितीत, ठेवा आणि ओके परत करा. शेवटचा मेसेज क्लोज्ड असतो. तो एसएसएच_क्लायंट_चॅनेल ही बिहेविअर (अर्लांगमधला तयार साचा, त्यात आपली फंक्शन्स भरायची) स्वतःच हाताळते आणि तुमचं टर्मिनेट हे शेवटचं फंक्शन चालतं. गोळा केलेलं उत्तर तिथून पाठवा.

डेटा मेसेजमधला टाइपही बघा: ० म्हणजे नेहमीचं आउटपुट, १ म्हणजे एरर. दोन्ही एकाच बायनरीत (बाइट्सच्या एकाच तुकड्यात) जोडलेत तर नंतर निस्तरत बसाल.

क्रम असा: आधी कनेक्ट, मग सेशन_चॅनेल, मग मिळालेला चॅनेल आयडी देऊन स्टार्ट_लिंक. एक्झेक (कमांड चालवायची विनंती) मात्र इनिटमध्ये, म्हणजे प्रोसेस सुरू होताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये, नको. हँडल_एमएसजी या फंक्शनला एसएसएच_चॅनेल_अप (चॅनेल तयार आहे) हा मेसेज आला की तिथून पाठवा.

विंडो (एका वेळी किती डेटा यावा याची मर्यादा) अ‍ॅडजस्ट करायची भानगड बिहेविअरच सांभाळते, त्यात हात घालू नका. आणि जुन्या उदाहरणांत नुसतं एसएसएच_चॅनेल दिसलं तर गोंधळू नका, ओटीपी (अर्लांगसोबत येणारा लायब्ररी संच) २१ पासून नाव बदललंय.