धरण भरलेलं, टाकी कोरडी : वाचकांचे प्रश्न

या वेळी खान्देशातल्या वाचकांनी प्रादेशिक, म्हणजे एकाच उद्भवातून अनेक गावांना पाणी देणाऱ्या, नळपाणी योजनांबद्दल विचारलेले प्रश्न घेतले आहेत.

गिरणा धरण भरलं तरी आमच्याकडे पाणी नवव्या-दहाव्या दिवशी. पिण्याचं आवर्तन सुटल्याचं पेपरात वाचतो. मग पाणी मुरतं कुठं?
– एक वाचक, ता. भडगाव

काही पाणी खरोखरच मुरतं. धरण नांदगाव तालुक्यात, म्हणजे नाशिक जिल्ह्यात, आणि वाट पाहणारी बरीच गावं जळगाव जिल्ह्यात. आवर्तनाचं, म्हणजे धरणातून पाळीने सोडलेलं, पाणी नदीपात्रातून येतं आणि कोरडं पात्र आधी स्वतःची तहान भागवतं. वाळू उपसून झालेले खड्डे भरतात, काठावरच्या मोटारी सुरू होतात, मग कुठे पाणी पुढच्या बंधाऱ्यापर्यंत पोहोचतं. धरणातल्या साठ्याचं नियोजन 15 ऑक्टोबरच्या पातळीवर होतं. योजनेची लेखी मागणी त्याआधी गेलेली असावी, मार्चमध्ये रिकामे हंडे घेऊन कचेरीवर जाऊन साठा वाढत नाही.

पण नऊ दिवसांचं सगळं खापर नदीवर फोडू नका. उद्भवाची, म्हणजे योजना जिथून पाणी उचलते ती, विहीर भरलेली असूनही गाव कोरडं राहतं, कारण आराखड्यात पंपाचे तास गृहीत धरलेले असतात. 16 तास धरले आणि वीज 10 तासच मिळाली, तर पाणी 62 टक्केच उचललं जातं. ही तूट सगळ्या गावांत सारखी वाटली जात नाही. वाहिनीच्या सुरुवातीची गावं आपली टाकी भरून घेतात आणि शेपटाकडच्यांच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. गुरांना पाणी पाजायला कुणी एअर व्हॉल्व्हचं (वाहिनीतली हवा बाहेर सोडणाऱ्या झडपेचं) झाकण सैल करतं, तेही त्यातच जमा. म्हणून पंपाची लॉगबुक मागा, महिनाभराचे तास मोजा. गावागावाच्या व्हॉल्व्हचं वेळापत्रक लेखी आहे का, तेही विचारा. बहुतेक ठिकाणी ते वॉटरमनच्या डोक्यात असतं.

टाकीच्या तोंडाशी बसवलेलं मीटर बंद आहे. योजनेकडून पाण्याचं बिल सरासरीवर येतं, आम्ही भरत नाही. योजनेची समिती म्हणते, थकबाकीपायी पंपाची लाइट कापतील. काय करावं?
– एक सरपंच, ता. पाचोरा

टाकीच मीटर म्हणून वापरा. समजा टाकी गोल आहे आणि आतला व्यास 8 मीटर. तळाचं क्षेत्रफळ सुमारे 50 चौरस मीटर, म्हणजे पातळी 10 सेंटीमीटर चढली की 5 हजार लिटर आले. गावाकडे जाणारा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा, पट्टीवर खूण करा, अर्धा तास थांबा. पातळी 40 सेंटीमीटर वाढली तर 20 हजार लिटर, तासाला 40 हजार. वेगवेगळ्या तीन दिवशी मोजा, योजनेचा माणूस हजर ठेवा, पंचनाम्यावर दोघांच्या सह्या घ्या. आधी एकदा आत आणि बाहेर दोन्ही बाजू बंद ठेवून पातळी तासभर स्थिर राहते का ते बघा. टाकीच गळत असेल तर सगळा हिशेब चुकेल.

नवं मीटर बसवताना भांडण नेमकं कशामुळे होतं तेही सांगतो. खंडित पुरवठ्यात वाहिनी रिकामी होते. पाणी सुटलं की आधी हवा येते आणि पंख्याचं मीटर हवेवरही गरगर फिरतं. गाव म्हणतं बिल जास्त, आणि ते खरंही असतं. मीटरच्या आधी चालू स्थितीतला एअर व्हॉल्व्ह आणि गाळणी हवी. इलेक्ट्रोमॅग्नेटिक मीटर असेल तर आधी पाइपच्या व्यासाच्या किमान पाचपट आणि नंतर तिप्पट सरळ लांबी सोडा, आणि पाइप तिथे पूर्ण भरून वाहील अशी जागा निवडा. वळणाला किंवा अर्धवट उघडलेल्या व्हॉल्व्हला चिकटून बसवलेलं मीटर काही का दाखवेना, त्यावर बिल काढू नये.

आता बिल न भरण्याबद्दल. तीन हजार वस्ती, माणशी 55 लिटर, म्हणजे दिवसाला 1 लाख 65 हजार लिटर. 80 मीटर उचल आणि पंप-मोटारीची मिळून 70 टक्के कार्यक्षमता धरली, तर हजार लिटरला 0.31 युनिट लागतं. महिन्याला साधारण 1,540 युनिट. सहाशे घरं असतील तर घरामागे जेमतेम अडीच युनिट! वीज महाग आहेच, पण योजना बुडते ती मोजमापाविना केलेल्या बिलाने आणि त्यावरच्या अबोल्याने. तुमच्या मोजणीतून निघेल तेवढी रक्कम भरा, वादातली रक्कम लेखी हरकत घेऊन बाजूला ठेवा. सगळंच थकवलं तर वीजजोडणी तुटते आणि तिचा फटका पैसे भरलेल्या गावालाही बसतो.

लाइट गेली की जवळपास दर वेळी त्याच उंचवट्याजवळ पाइप फुटतो. ठिगळ किती लावायचं?
– एक वाचक, ता. शिंदखेडा

हा पाण्याचा दणका, वॉटर हॅमर. लोखंडी वाहिनीत पाणी सेकंदाला 1.2 मीटर वेगाने चालत असताना पंप एकदम थांबला, तर साधारण 120 मीटर उंचीच्या पाण्याइतका जादा दाब उसळू शकतो. उंचवट्यावर प्रवाह तुटतो, पोकळी होते आणि परतलेलं पाणी तिथेच आदळतं. म्हणून जागा तीच. आधी त्या उंचवट्यावरचा एअर व्हॉल्व्ह उघडून बघा, बहुधा चेंडू चिकटलेला किंवा व्हॉल्व्ह कुणीतरी कायमचा बंद केलेला सापडेल. मग पंपाशेजारचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी मागे येऊ न देणारी झडप. त्याचं झाकण उशिरा पडत असेल तर खाडकन आवाज येतो. वळणाखालचा काँक्रीटचा ठोकळा खचलाय का तेही पाहा.

दुसरी चूक लाइट आल्यावर होते. रिकाम्या वाहिनीत पाणी सेकंदाला 0.3 मीटरपेक्षा जोरात भरू नये. सहा किलोमीटर वाहिनीला त्या वेगाने साडेपाच तास लागतात. ऑपरेटरच्या मागे दहा गावांचे फोन, त्यामुळे तो व्हॉल्व्ह पूर्ण उघडूनच बटण दाबतो. त्याला घाई करणारे आपणच.

बारीक गळतीही सोडू नका. 40 मीटर दाबाखाली 6 मिलीमीटरच्या भोकातून दिवसाला 41 हजार लिटर जातं. माणशी 55 लिटरने जवळपास साडेसातशे माणसांचं पाणी, आणि बाहेर दिसतं फक्त हिरवंगार गवत.

तक्रार कुणाकडे करायची? जिल्हा परिषद, जीवन प्राधिकरण, शिखर समिती (योजनेतल्या सगळ्या गावांची मिळून समिती), सगळे दुसऱ्याकडे बोट दाखवतात.
– एक वाचक, ता. अमळनेर

धरणातून सोडलेल्या पाण्याची तक्रार पाटबंधाऱ्याकडे, गावातल्या टाकीनंतरची ग्रामपंचायतीकडे. मधल्या टप्प्याचं घोंगडं भिजत पडतं, कारण योजना अनेकदा जीवन प्राधिकरण बांधतं आणि चालवतं दुसरंच कुणी. माहिती अधिकारात तीन कागद मागा: हस्तांतरणाचा करार, त्यासोबतची पंप-वाहिन्यांची यादी, आणि देखभालीचा चालू ठेका. करारावर सही नसेल तर योजना अजून बांधणाऱ्याच्याच अंगावर आहे, तक्रारही तिकडेच करा. सही असेल तर ज्याची, त्याच्याकडे. तक्रारीत फुटलेल्या जागेची साखळी, म्हणजे पंपघरापासूनचं अंतर, लिहा. ‘मारुतीच्या देवळामागे’ एवढ्यावर कुणी येत नाही.