आधी अंगणातला सरडा काढा

भाऊ, पक्ष्या-प्राण्यांचे फोटो काढायचे म्हणून लेन्स घ्यायची घाई करू नका. आहे त्या मोबाइलवर महिनाभर अंगणातला सरडाच काढा. उन्हाळ्यात, विणीच्या दिवसांत नराचं डोकं-मान लालभडक होते. तो कुंपणाच्या काडीवर चढून उठाबशा काढत असतो, तेव्हा तुमच्याकडे पाहायला त्याला फुरसत नसते. उभ्याने काढू नका. मातीत बसा, कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा, फोकस डोळ्यावरच. पॅन्ट मळली की समजा, जमतंय.

आपल्याकडचं ऊन बेकार. उन्हाळ्यात नऊनंतर बगळा म्हणजे नुसता चुन्याचा डाग; एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, थोडं उतरवा. निंबाखाली मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवा, रोज बदला. सातभाईंची टोळी कल्ला करत येते, मागोमाग बुलबुल. उडता पक्षी हवा असेल तर शटर, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड येऊ द्यायचा वेळ, १/२००० सेकंदाच्या आसपास ठेवा. मी पहिली दोन वर्षं १/२५० वर नीळकंठाचे निळे फराटेच काढले! फेब्रुवारी-मार्चात पळस फुलला की सकाळी शेताच्या धुऱ्यावर बसा, फुलातला रस प्यायला चिमुकला शिंजीर पक्षी येतोच.

घरट्याच्या वाटेला मात्र जाऊ नका. फोटोसाठी फांदी बाजूला केली की कावळ्याला आयतंच दिसतं.