सातबाऱ्यावर पाटील, देवघरातल्या कागदात सावंत

प्रश्न : ताई, आमचं गाव तासगाव तालुक्यात. सातबाऱ्यावर, आधार कार्डावर, लग्नपत्रिकेत आम्ही पाटील. पण आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर ‘सावंत’ आहे, आणि घराण्याची कुळी सांगणारा हेळवी दारात आला की तो ‘सावंत पाटील’ असंच सुरू करतो. पणजोबांच्या जुन्या उताऱ्यावर तर आडनावच नाही, नुसतं ‘दादू बिन येसू’ (येसूचा मुलगा दादू). चुलते म्हणतात, सावंत म्हणजे आपण कोकणातले, सावंतवाडीच्या सावंत-भोसल्यांपैकी. देवघरात एक मोडी कागद आहे. ओळखीच्या एकाने त्याची वरची ओळ लावून दिली : ‘सन सबा सबैन मया व अलफ’. खाली ‘यमाजी बिन जावजी सावंत मोकदम’ एवढं लागलं. भाच्याने हिशेब करून साल १२५५ काढलं आणि गेल्या जत्रेत ते साऱ्या भावकीला सांगूनही टाकलं. आमचं खरं आडनाव कोणतं, आणि ते मागे कुठवर नेता येईल?
ता. क. : पणजीचं माहेर कळावं अशी आईची फार इच्छा आहे. तिला सगळे ‘जतकरीण’ म्हणायचे, एवढंच ठाऊक आहे.
– एक वाचक, पुणे

उत्तर : आधी भाच्याचं साल खाली उतरवू, कारण पुढच्या जत्रेपर्यंत ते देवळाच्या भिंतीवर रंगवलं जायचं. सबा म्हणजे सात, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. अरबी आकडे एककापासून वाचायचे. झाले ११७७. इथवर भाचा बरोबर आहे. पण त्याने हा शक समजून ७८ मिळवले. हा शक नव्हे, जुन्या मराठी दफ्तरांत चालणारा शुहूर सन आहे. त्यात ५९९ मिळवायचे. म्हणजे १७७६. हे वर्ष मृग लागला की सुरू होतं (म्हणून जुनी माणसं त्याला मृगसाल म्हणत), तेव्हा कागद १७७६-७७ चा, सवाई माधवरावांच्या काळातला. महिना-तिथी पुढच्या ओळीत असेल, ती वाचून घेतलीत की दोनातलं नेमकं साल ठरेल.

बरं, हिशेब बाजूला ठेवला तरी कागदातल्या एका शब्दाने शंका यायला हवी होती. मोकदम. १२५५ मध्ये इथे यादवांचं राज्य होतं. अल्लाउद्दीन देवगिरीवर आला १२९६ ला. मोकदम हा शब्द गावच्या पाटलाला चिकटायला अजून बराच अवकाश होता. मी कागद हातात घेतला की साल शेवटी बघते. आधी शब्द कोणत्या काळाचे आहेत ते बघते.

आता आडनावाचं. मोकदम म्हणजेच पाटील. तेव्हा हेळव्याचा ‘सावंत पाटील’ आणि तुमच्या कागदातला ‘सावंत मोकदम’ ही एकच गोष्ट आहे. पाटील हा हुद्दा, सावंत हे उपनाव. पाटीलकीचं वतन ज्या घरात, त्या घराची भावकी वाढत गेली, तक्षिमा (वाटे) पडल्या, आणि ज्याने आयुष्यात कधी चावडीत पाऊल ठेवलं नाही तोही पाटील लिहायला लागला. शाळेत नाव घालताना मास्तर विचारतील तेव्हा बाप जे सांगेल ते आडनाव. तुमच्या आजोबांच्या बापाने सावंत सांगितलं, आजोबांनी आपल्या मुलांच्या वेळी पाटील सांगितलं. यात खरं-खोटं काही नाही. गंमत म्हणजे सावंत हेसुद्धा ‘सामंत’ या पदवीवरून आलेलं मानतात. खरं आडनाव शोधता शोधता तुम्ही एका हुद्द्यावरून दुसऱ्या पदवीवर पोहोचाल.

चुलत्यांना मात्र जरा थांबवा. सावंत कोकणात आहेत तसे देशावरही गावोगाव आहेत. आडनाव सारखं म्हणून कूळ एक होत नाही. आणि राजघराण्याशी नातं सापडलं नाही म्हणून तुमचं एक गुंठाही कमी होणार नाही.

मी तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये नोकरी केली. बस्ते सोडायचे, नकला द्यायच्या, परत बांधायचे. त्या धुळीत एक गोष्ट शिकले : वंश शोधायचा तर आडनावाच्या मागे जाऊ नये, जमिनीच्या मागे जावं. आडनाव पिढीगणिक बदलतं, लिहिणाऱ्याच्या मर्जीवर बदलतं, कधी गायबच होतं. वावर जागचं हलत नाही.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. माझ्याच सासरच्या एका शाखेचा शोध घेताना एका मोडी यादीत मला ‘तुकाजी रगे’ सापडला. रगे हे आडनाव मी कधी ऐकलं नव्हतं, म्हणून तर जास्तच हुरूप आला. दीड वर्ष रगे शोधले. आजूबाजूच्या गावांत चौकशी केली, ओळखीच्यांना पत्रं लिहिली. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. आधी रेघ ओढायची आणि तिला सलग अक्षरं लटकवत जायची. शिवाय ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी एकच. शेवटी एका जाणत्या मोडी वाचकाने ओळीवर बोट ठेवलं आणि रेघ दुसरीकडे तोडली : ‘तुका जिरगे’. जिरगे तर आमच्या शेजारच्या गल्लीत होते. तेव्हापासून मोडीतलं कुठलंही आडनाव मी दुसऱ्या एखाद्या कागदात तेच सापडेपर्यंत पेन्सिलीनेच लिहिते. तुमच्या कागदातलं ‘सावंत’ही दोन वेगळ्या माणसांकडून वाचून घ्या. पुण्यातच राहता, भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी जाणणारं कुणीतरी भेटेल. शासनाच्या पुराभिलेख विभागाचे मोडीचे वर्गही होतात. स्वतः शिकलात तर उत्तम. अक्षरं लवकर येतात, लपेटीला, म्हणजे भरभर सलग लिहिलेलं वाचायला, वेळ लागतो.

जमिनीच्या मागे जायचं म्हणजे काय करायचं? आजचा सातबारा काढा. त्यावर गट नंबर असेल. हे गट जमिनींच्या एकत्रीकरणात (विखुरलेले तुकडे जोडताना) पडले, त्याआधी सर्व्हे नंबर होते. कोणता सर्व्हे नंबर कोणत्या गटात गेला ते एकत्रीकरणाच्या योजनापत्रकात मिळतं. लोक नऊ-तीन नऊ-चारचा उतारा म्हणतात तोच. ही सांधेजोड न करता जुने उतारे मागायला गेलात तर भलत्याचीच जमीन हातात येईल. सर्व्हे नंबर कळला की हाताने लिहिलेले जुने सातबारे काढा. कमी केलेली नावं कंसात असतात आणि नावाजवळ वर्तुळात आकडा असतो, तो फेरफाराचा नंबर. तो फेरफार मागा. वारस नोंदीच्या फेरफारात कोण कधी मयत झालं आणि मागे कोण राहिलं ते चार ओळींत येतं. असे एकामागून एक फेरफार लावत गेलात की दादूच्या दाराशी पोहोचाल. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी १९०३ च्या कायद्याने आली, तेव्हा त्यामागे ही वाट जात नाही.

जुन्या सातबाऱ्यावर आणखी एक रकाना बघा, ज्याकडे कुणी ढुंकून बघत नाही : शेताचे स्थानिक नाव. तिथे ‘सावंताचं थळ’ किंवा तसलं काही निघालं तर मला जरूर कळवा. जुन्या गावांत मिरासदाराच्या, म्हणजे वंशपरंपरागत हक्काच्या शेतकऱ्याच्या, जमिनीला थळ म्हणत आणि ते त्या घराण्याच्या नावाने चाले. घराणं बुडालं, गतकुळी झालं, जमीन तिसऱ्याने घेतली, तरी थळाचं नाव तेच. गावातली थळं आणि त्यांचे धनी यांची यादी म्हणजे थळझाडा.

दुसरा कागद गाव नमुना १४, जन्म-मृत्यूचा. आमच्याकडे सगळे कोतवाल बुकच म्हणतात. २०२३ मध्ये मराठ्यांच्या कुणबी नोंदी शोधणाऱ्या शिंदे समितीच्या निमित्ताने ही बाडं रेकॉर्ड रूममधून बाहेर आली, कित्येक जिल्ह्यांनी पानं संकेतस्थळावर चढवली. त्या हिवाळ्यात मोडी वाचणाऱ्यांना जेवायला फुरसत नव्हती. तुमच्या गावाची पानं आधी तिथे बघा, नाही तर तहसीलला नकलेचा अर्ज करा. यात आडनाव बहुतेक वेळा नसतं. नाव, बापाचं नाव, जात, तारीख आणि मृत्यू असेल तर कारण. १९१८ च्या मानमोडीच्या साथीची पानं उलटताना मी दोनदा उठून बाहेर गेले आहे. एकाच घरातली चार-चार नावं, पुढे कारण : ताप, ताप, ताप, ताप. दादू बिन येसू एकाच गावात दोन असू शकतात. तेव्हा नुसत्या नावावर जाऊ नका. भाऊ कोण, मुलं कोण, हे फेरफाराशी ताडून बघा.

आता तुमचा खरा खजिना. तुम्ही वतनदार घरातले असाल तर तुमचं नशीब इतर वाचकांपेक्षा बरं आहे. पाटीलकी हे सरकारच्या लेखी उत्पन्नाचं साधन होतं, त्यामुळे त्याचे कागद सरकारने जपले. १८७४ चा वतन कायदा झाल्यावर प्रत्येक वतनाचे प्रतिनिधी वतनदार कोण ते ठरवून वतन रजिस्टरं केली, आणि हक्क ठरवायला वंशावळी लागल्या. भाऊबंद भांडले असतील तर फारच छान : जितकं भांडण मोठं तितकी वंशावळ लांब. त्यामागे १८५२ च्या कायद्याने बसलेल्या इनाम कमिशनपुढे लोकांनी लिहून दिलेल्या कैफियती, आणि त्यामागे पुण्याच्या पुरालेखागारातलं पेशवे दफ्तर. ते रुमालांत बांधलेलं आहे. रुमाल मागताना आडनाव सांगू नका, परगणा आणि मौजे सांगा.

तुमच्या तालुक्याचं एक लक्षात ठेवा. तासगाव तालुका इंग्रजी अमलात सातारा जिल्ह्यात होता. दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ ला आणि त्याचं नाव सांगली झालं १९६० ला. म्हणून जुनं काही सांगलीत मिळालं नाही तर साताऱ्याला चौकशी करा. आणि गाव खालसातलं (थेट इंग्रज सरकारच्या अमलातलं) होतं की सांगली-मिरजेसारख्या संस्थानातलं, हे आधी नक्की करा. त्या भागात ओढ्याच्या अलीकडचं गाव खालसातलं आणि पलीकडचं संस्थानातलं असं सर्रास असे. दफ्तर त्याप्रमाणे वेगळं.

हेळव्याला कमी लेखू नका. बैलावरून येणारा, पायलीभर जोंधळे आणि जुनं धोतर घेऊन कुळी सांगणारा हा माणूस कोणती शाखा कोणत्या गावाहून आली ते बहुतेक नीट सांगतो, कारण त्याला त्या प्रत्येक गावात धान्य मागायला जायचं असतं. साल त्याला विचारू नका. आणि शूर पूर्वजाची गोष्ट सुरू झाली की चहा पुढे करा. तो जे मूळ गाव सांगेल ते टिपून घ्या आणि त्या गावचे कागद वेगळे बघा. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचंही तसंच. नाशिकला किंवा पंढरपूरला गेलात तर आधी गाव सांगा, मग आडनाव. पणजोबा तिथे गेले असतील तर नामावळीत भावांची नावंही मिळतील.

हे सगळं जुळलं तरी यमाजी आणि येसू यांच्यामध्ये शंभरेक वर्षांची दरी आहे, आणि ती भरून निघेल असं वचन मी देत नाही. कागद तुमच्या देवघरात आहे एवढ्याने यमाजी तुमचा पूर्वज ठरत नाही. वतनाच्या वादात लोक विरुद्ध बाजूच्या कागदांच्या नकला करून ठेवत. निमे पाटीलकी विकत घेतल्याचीही उदाहरणं खंडीभर आहेत, आणि विकणाऱ्याचा जुना कागद घेणाऱ्याकडे जायचा. यमाजी तुम्हाला पाटीलकी देणारा असेल, आजोबा असेलच असं नाही. वतन रजिस्टरातल्या वंशावळीत येसूच्या वर कोण निघतो, त्यावर सगळं आहे.

आता पणजी. मुलं अज्ञान (अल्पवयीन) असताना दादू वारले असतील तर तिचं नाव फेरफारात हमखास मिळेल. मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, आणि तिथे आईचं नाव. कोतवाल बुकात ती ‘अमुक कोम दादू’ अशी असेल. कोम म्हणजे बायको, आडनाव समजू नका. यातून नाव मिळेल, माहेर नाही. माहेराचा पत्ता तिच्या भावाकडच्या कागदात असतो. तिच्या वडिलांच्या जमिनीचा वारस फेरफार १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतरचा असेल तर मुली म्हणून बहिणींची नावं चढलेली असतात. त्या आधीचा असेल तर मुलींना बहुधा वगळलेलंच. १९५६ नंतरचा असेल तर दुय्यम निबंधकाकडे हक्कसोडपत्रही शोधायचं. भावाच्या लाभात बहिणीने लिहून दिलेल्या त्या कागदात माहेर आणि सासर दोन्ही एका ओळीत येतात.

पण त्यासाठी गाव हवं. जतकरीण म्हणजे जत गावची की जत भागातल्या कुठल्याही खेड्यातली, हे अजून ठरलेलं नाही. जत हे डफळ्यांचं संस्थान, त्याचं दफ्तर पुन्हा निराळं. तेव्हा कचेरीत जाण्याआधी ज्या कुणी तुम्हाला ‘जतकरीण’ हा शब्द सांगितला, त्यांच्याकडे जाऊन बसा. माहेर कुठलं असं विचारू नका, ते माहीत असतं तर त्यांनी सांगितलंच असतं. विचारा की आजोबा लहानपणी दिवाळीला कुठल्या मामाकडे जायचे, आणि त्यांच्या लग्नात मामा म्हणून कोण उभा होता.

आणि तो मोडी कागद लॅमिनेट करू नका. दोन्ही बाजूंचे फोटो काढा. मागच्या बाजूलाही मजकूर असतो आणि तो तुमच्या ओळखीच्याने पाहिलेला दिसत नाही.